सायबाच्या तमंच्याचा भाव

आमच्या घरात थोरली माणसं एकमेकांशी बोलत नसत, बैलांशी बोलत. बाबांना काकाला काही सुनवायचं असलं की ते गोठ्याच्या दाराशी उभे राहून पांढऱ्या बैलाला म्हणायचे, "खा लेका, खा. तुले काय, राबनारा दुसरा हाये." पलीकडून काका खाटेवर पडल्या पडल्या त्याच बैलाला उत्तर द्यायचा, "खाय रे बाप्पा. तुये घास तरी कोनी मोजून नाई राह्यलं." बैल दोघांचंही ऐकून घ्यायचा. माय आणि काकी यांचं भांडण भांड्यांतून चालायचं. एकीनं पाण्याचा पितळी गुंड जोरात आदळला की दुसरी मुसळ उचलायची आणि रिकाम्या उखळातच दोन घाव घालायची. आजोबा होते तोवर चूल एक होती. ते पुसाच्या महिन्यात गेले, आणि तेराव्याचे वडे पोटात जिरायच्या आत काकीनं मागच्या पडवीत दुसरी चूल मांडली. तिचा धूर आमच्या सैपाकघरात यायचा. वारा कुठलाही असो, तो यायचाच, आणि माय म्हणायची, मुद्दाम ओलं लाकूड घालते.

हल्ली लोक त्या काळच्या एकत्र कुटुंबांबद्दल फार गहिवरून बोलतात. मी निवृत्त मुख्याध्यापिका, म्हातारी, गावात सगळ्यांत जुनी, म्हणून मला कुठल्या कुठल्या कार्यक्रमात खुर्ची देऊन बसवतात आणि म्हणतात, आजी, तेव्हाची माया कशी होती ते सांगा. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माया नव्हती असं नाही. भाताच्या पातेल्याच्या तळाला लागलेल्या खरपुडीइतकी होती, खरवडली तर मिळायची. बाकी पातेलंभर काय होतं ते मी सांगते.

मूलपासून बैलगाडीनं दोन तासांवर आमचं गाव. घराच्या मागच्या कुडापासूनच जंगल सुरू व्हायचं. शेतं दोन. एक बोडीखालचं. बोडी म्हणजे शेतातला लहानसा तलाव. आमची बोडी आजोबांच्या वडिलांनी बांधलेली, आणि पावसानं दगा दिला तरी तिच्या पाण्यावर खालचं धान पिकायचं. दुसरं शेत वरच्या अंगाला, बरड, दगडगोट्यांचं. वरून पाणी पडलं तर काही, नाही तर नुसती लाखोळीची डाळ. आमच्या ताटात जो भात पडायचा तो बोडीखालचा. तिच्यातल्या मासोळ्या, झिंगे, खेकडे हेही तिथलेच. आणि माझी शाळाही तिथलीच म्हणायला हरकत नाही. मी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, मामाकडे राहून शिकत होते. मामा पैसे घेत नसे, पण मामीचा धान्याचा कोठा बरोबर लक्ष ठेवून असायचा. दर दोन महिन्यांनी आमच्याकडून तांदळाचं पोतं गेलं की मामी गोड बोलायची. उशीर झाला की माझ्या भाकरीकडे बघून सुस्कारा टाकायची. मॅट्रिकला दोन वर्षं उरली होती. तांदूळ थांबला की शाळा थांबणार, आणि शाळा थांबली की सिंदेवाहीकडचं एक स्थळ मायनं डोक्यात धरून ठेवलेलं होतं. मुलगा राइस मिलमध्ये होता आणि तोंडात सदा तंबाखूचा खर्रा. मला बोडीचं पाणी किती खोल आहे हे त्या वर्षी जितकं नीट कळलं तितकं पुढे कधी कळलं नाही.

आता त्या तमंच्याबद्दल. पुस्तकात त्याला रिव्हॉल्वर म्हणतात. गावात सगळे 'सायबाचा तमंचा' म्हणत. आजोबा तरुणपणी जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबांबरोबर शिकारीला वाट दाखवायला जात. त्यांतल्या एकानं विलायतेला परत जाताना आपल्या आज्याचा हा तमंचा त्यांना दिला. का दिला याच्या घरात तीन गोष्टी होत्या. बाबांच्या गोष्टीत आजोबांनी वाघ अंगावर घेतला होता, काकाच्या गोष्टीत अस्वल, आणि माय हळूच म्हणायची की साहेबाकडे मजुरी द्यायला पैसे उरले नव्हते. हत्यार मात्र देखणं होतं. सहा घरांचं, आठपैलू नळीचं, मुठीला अक्रोडाचं लाकूड, आणि बाजूला वेलबुट्टी कोरलेली. गोळी आताच्यासारखी नव्हे. बारूद भरायची, वर शिसं ठासायचं आणि मागं तांब्याची टोपी बसवायची. माझ्या आठवणीत ते कधी उडालं नाही. पण आजोबा घोडा मागे ओढून दाखवायचे तेव्हा दोनदा आवाज यायचा, एक बारीक आणि एक जाड, आणि काका हातातलं काम टाकून बघत राहायचा. काकाचा त्याच्यावर फार जीव. आजोबा ते थोरल्याला देतील की धाकट्याला, यावर त्यानं लहानपणापासून बाबांशी मारामाऱ्या केलेल्या.

दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, पावशी, सगळं घासून पुसून पाटावर मांडायचं. मी सात-आठ वर्षांची झाले तेव्हापासून घासायचं काम माझ्याकडे, आणि तमंचाही त्यातच. आदल्या रात्री चिंच भिजत घालायची. सकाळी चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख, मग विटकरीची भुकटी कापडात घेऊन, मग मोहाच्या बियांचं तेल. दोन तास मी एकट्या तमंच्याला द्यायची. वेलबुट्टीच्या खाचांत काळं राहायचं ते बाभळीच्या काट्यानं कोरून काढायची. पहिल्या वर्षी तो काळपट-निळा होता असं मला अंधूक आठवतं. मला वाटलं, मळ. वर्षावर्षानं तो उजळत गेला आणि शेवटी चांदीच्या कमरपट्ट्यासारखा पांढरा झाला. हळदकुंकू लावून पाटावर ठेवला की काका सगळ्यांना बोलावून दाखवायचा, "पाहा आमच्या सुमीचा हात. सायबाच्या हाती असा चमकला नसन." त्या घरात मला कुणी इतकं चांगलं दुसरं काही म्हटल्याचं आठवत नाही. वर्षभर मी त्या एका वाक्यावर असायची.

आजोबा गेल्यावर परवाना त्यांच्या नावचा म्हणून तमंचा मूलच्या ठाण्यात जमा झाला, आणि वैशाखात वाटणी निघाली. घर दोरी लावून मधोमध झालं. बैल एकएक. भांडी माय आणि काकीनं स्वतःच वाटली, त्या दिवशी मी आमराईत जाऊन बसले. राहिली दोन शेतं आणि तमंचा. शेतं आकारानं सारखी, पण बोडीखालचं कुठे आणि बरड कुठे. बोडी दुभागता येत नाही, बांध फोडला तर दोघांचंही मातेरं. तेव्हा असं ठरलं की एका वाट्यात बोडीखालचं शेत आणि दुसऱ्या वाट्यात बरड अधिक तमंचा. कारण बल्लारशाच्या एका लाकूडठेकेदारानं आजोबांच्या हयातीतच सांगून ठेवलं होतं की असा जुना विलायती तमंचा नागपूरला हजार रुपयांना गेला. हजार रुपयांत त्या वेळी आमच्याकडे चांगल्या जमिनीचा तुकडा येत होता, त्यामुळे पारडं बरोबर बसत होतं.

आमच्याकडे वाटणीचा रिवाज असा की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. थोरला लबाडी करून एक वाटा फुगवेल तर धाकटा तोच उचलेल, म्हणून थोरल्याला सरळ राहावंच लागतं. लोक हा रिवाज मोठ्या कौतुकानं सांगतात. माझा अनुभव असा की ज्याला भाव ठाऊक आहे तो यातूनही वाट काढतो.

पंचांमध्ये महादू पाटील मुख्य. ते म्हणाले, ठेकेदाराच्या तोंडी गोष्टीवर शेत कसं मोजायचं? चांद्याच्या बंदूकवाल्या मिस्त्रीला दाखवा, दोघं भाऊ मिळून जा. काका ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. तो म्हणाला, "याच्या संग एका डब्यात म्या नाई बसत. सुमी चांद्याले शिकते. तिले हिंदी समजते, विंग्रजी अक्षरं वाचता येते. थे जाईन. थे सांगन थे मले मान्य." हट्टापायी माणूस स्वतःचं डोकं दुसऱ्याच्या हातात कसं देतो, हे मी तिथे पाहिलं. ठाणेदाराची चिठ्ठी घेऊन, तमंचा धोतराच्या फडक्यात गुंडाळून, बाबा आणि मी मूलहून छोट्या आगगाडीनं निघालो. मायनं बरोबर पानगे आणि कांदा दिला होता. बाबा खिडकीपाशी बसून सगळा वेळ म्हणत होते, हजाराच्या वर गेलं तर काय करायचं, बरडाच्या वाट्यातून एक झाड कमी करता येईल का.

मिस्त्रीचं दुकान किल्ल्याच्या भिंतीला लागून. म्हातारा, डोळ्यात काजळ, बोटं तेलानं काळी झालेली. त्यानं फडकं उलगडलं आणि तमंचा हातात न घेता नुसता पाहत राहिला. मी ताठ बसले. मला वाटलं, आता हा विचारील की इतका सुंदर कुणी ठेवला.

"इसकी पेटी कहाँ है?" त्यानं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पेटी होती. आतून हिरवी मखमल, त्यात बारुदीची कुप्पी आणि गोळ्या ओतायचा साचा. मखमलीवर माय हळकुंडं ठेवायची. वाळवी लागली म्हणून एका पावसाळ्यात पेटी चुलीत गेली. साच्यात आजोबा मासोळीच्या जाळ्याला लावायचे शिसाचे मणी ओतत, तो बोडीत पडला. बाबांनी हे सगळं जरा हसत सांगितलं. मिस्त्री हसला नाही. त्यानं नळीत दिव्याचा उजेड धरून आत पाहिलं, चक्र फिरवून कानाशी नेलं, घोडा ओढून ते दोन आवाज ऐकले आणि मान हलवली, हे चांगलं आहे अशी. मग एकेक स्क्रू पाहिला. त्यांच्या खाचा फाटल्या होत्या. आजोबा विळ्याच्या टोकानं ते उघडत. मग भिंग घेऊन तो नंबर शोधू लागला. नळीवर, चक्रावर, मुठीखाली तोच नंबर असला तर सगळे भाग मूळचे, असं त्यानं सांगितलं. नंबराच्या जागी नुसती गुळगुळीत लकाकी होती. वेलबुट्टीही अर्धी पुसलेली, हे मला तेव्हा त्याच्या भिंगातून पहिल्यांदा दिसलं.

"किसने घिसा ये?"

"मी," मी म्हटलं, आणि तेव्हाही माझ्या आवाजात अभिमानच होता. "चिंचेनं. दर दसऱ्याला."

त्यानं मुठीचा स्क्रू काढला आणि लाकडाची पट्टी बाजूला केली. खाली जिथे माझं कापड कधी पोचलं नव्हतं तिथलं लोखंड गर्द निळं होतं, रात्रीच्या पाण्यासारखं. "ये देख बेटी. ये रंग था इसका. विलायत में आग पे चढाया हुआ. इसकी चमडी थी ये, तूने हर दसरे को थोडी थोडी उतारी." मग बाबांकडे वळून तो सावकाश म्हणाला की पेटी असती, हा रंग असता, नंबर वाचता आला असता, तर नागपूरच्या शौकिनाकडून हजार मी स्वतः मिळवून दिले असते. शौकीन लोखंड घेत नाही, जुनेपण घेतो, आणि तुम्ही जुनेपणच घासून टाकलं. "अब साठ. घोडे की कमान अच्छी है इसलिए साठ."

बाबा पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मिस्त्रीनं पट्टी बसवली, फडक्यात गुंडाळून दिलं आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

परतीच्या गाडीत बाबांनी हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं. चांद्यापासून मूलपर्यंत ते एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणत होते. "घासून घासून शेत खाल्लं तुवं." कधी हळू, कधी डब्यातल्या लोकांना ऐकू जाईल असं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं, तर तिलाही सांगितलं, "ही पोरगी पाहा. हजाराचे साठ केले हिनं." हे काम मला सात वर्षांची असताना कुणी दिलं होतं, हे त्यांना आठवत नव्हतं. पेटी चुलीत कुणी घातली, साचा कुणी हरवला, हेही नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला माझ्या बापाचा इतका राग येत होता की दात दुखत होते.

मूलच्या स्टेशनवर उतरल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. उसन्या बैलांची गाडी जुंपताना ते म्हणाले, "साठाचं कोनाले बोलजो नोको."

"पण पंच विचारतीन."

"पंचाईले म्या सांगीन हजार. तुया दौलतकाका थोच वाटा उचलते, पाहाजो तू. जलमभर त्या तमंच्याच्या मांगं होता थो."

"आन त्यानं बोडी उचलली तं?"

बाबांनी बैलाच्या मानेवर जू ठेवलं. "नाई उचलत," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मागे न बघता सांगितलं, "तुयी शाळा बी त्याच शेतात हाये, ध्यानात ठेव." म्हणजे लबाडी त्यांची आणि तिच्यात माझी शाळा बांधून दिलेली.

वाटे उचलायच्या दिवशी महादू पाटलांच्या ओट्यावर सगळं गाव जमलं. बायका कुडाच्या आतल्या बाजूला. पळसाच्या पानांचे दोन द्रोण मांडलेले. एकात बोडीखालची काळी माती, दुसऱ्यात बरडाची तांबूस, आणि दुसऱ्या द्रोणाशेजारी तमंचा. उन्हात तो असा झगझगत होता की पोरं डोळ्यांवर हात धरून बघत होती. पाटलांनी विचारलं, "वामन, मिस्त्री किती बोलला?"

"हजार," बाबा म्हणाले. एक शब्द, अडखळले नाहीत.

काकानं बाबांकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे वळला. "सुमे, तू होती ना संग? तू सांग."

आज मी याला सत्य वगैरे म्हणणार नाही. शाळेत मुलांना खरं बोलण्याचे धडे मी पस्तीस वर्षं दिले, पण त्या दिवशी मला खऱ्याचं काही पडलेलं नव्हतं. मला डब्यातली ती अनोळखी बाई आठवली, आणि माझ्याकडे रोखलेलं बाबांचं बोट. मला त्यांना चारचौघांत उघडं पाडायचं होतं.

"साठ," मी म्हटलं.

बाबांच्या मानेची शीर मला दिसत होती. काकाचे डोळे बारीक झाले. "साठ? काऊन साठ? का झालं त्याले?"

एवढंच सांगायचं होतं. मी घासलं म्हणून. काकाला ते तिथल्या तिथे पटलं असतं, दर दसऱ्याला तो माझ्या शेजारी बसून बघत आलेला होता. पण कुडाआड साऱ्या गावच्या बायका होत्या. सिंदेवाहीच्या स्थळाची मावशीही त्यांत होती. हजार रुपये चिंचेनं घासून खाल्लेली पोरगी, हे नाव एकदा पडलं की मरेपर्यंत जात नाही, आणि काकाच्या तोंडून 'सुमीचा हात' हे पुन्हा कधी ऐकू येणार नव्हतं. मी खाली बघितलं. पाटलांनी दोनदा विचारलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

काका हळूहळू हसायला लागला. "पढवून आनलं पोरीले," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी तो बैलाशी न बोलता थेट बाबांशी बोलत होता. "तू हजार म्हनाचं, तिनं साठ म्हनाचं. म्या भेवाचं आन बोडी उचलाची. मंग तमंचा तुया घरात. मले येडा समजला का भाऊ? पोरीले बोलाले लावलं, पन काऊन थे शिकवाचं राह्यलं." लोक हसले. बाबा म्हणाले, "तुये मन. उचल, नाई तं दुसरा उचल." काकानं तांबूस मातीचा द्रोण उचलला, तमंचा छातीशी धरला आणि काकीकडे बघितलं. काकी रडत होती. तिला जमीन कळत होती. तमंचा त्या संध्याकाळी पुन्हा ठाण्यात गेला, आता काकाच्या नावानं, आणि परवान्यासाठी त्यानं अर्ज दिला. घरी आल्यावर बाबांनी मला जवळ बसवून मासोळीचा मोठा तुकडा माझ्या ताटात घातला. मी तो खाल्ला नाही, मांजरीला टाकला, आणि त्यांनी ते पाहिलं. दोन दिवस आम्ही दोघं बैलाशी बोललो.

काकाला परवाना मिळाला नाही. मृगाच्या आधी, पऱ्हे टाकायची घाई सुरू असताना, म्हणजे धानाची रोपं वाफ्यात धरायच्या दिवसांत, तो तमंचा विकायला चांद्याला गेला, त्याच मिस्त्रीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात आला. वाटणी झाल्यापासून त्यानं दोरीच्या अलीकडे पाऊल ठेवलं नव्हतं. बाबा बैलाच्या जोडीदारासाठी मूलच्या बाजारात गेलेले. माय बोडीखालच्या शेतावर. मी एकटी तांदूळ निवडत होते, मामाकडे न्यायचे. काका उभाच राहिला. चेहरा वाळलेला.

"मिस्त्रीनं सारं सांगतलं मले," तो म्हणाला. "साठच बोललो होतो म्हने, बापलेकीच्या दोघाईच्या पुढं. पोरीनं चिंचेनं घासलं म्हने, म्हनून भाव गेला. पाटलाले जाऊन भेटलो म्या. पाटील म्हनते, मिस्त्री परका मानूस, त्याच्या बोलन्यावर वाटे नाई मोडत. पन सुमी पंचाईपुढं परत साठ म्हनली आन काऊन थे बी सांगतलं, तं वामन खोटा ठरते. वाटे परत पाडू म्हने, पऱ्हे टाकाच्या आंधी." तो खाली बसला, माझ्यासमोर, उकिडवा. "तू खरं बोलली होती पोरी. म्याच ऐकलं नाई. आता येवढं चल माया संग. तुले कोनी काई बोलनार नाई, म्या हावो ना."

सूप माझ्या मांडीवर होतं. या प्रकरणात मी आतापर्यंत बापाला, काकाला, मायला, सगळ्यांना बोल लावलेत. इथे लावायला कुणी नाही. बाबा घरात नव्हते. मला कुणी पढवलं नव्हतं. बापाची भीतीही वाटत नव्हती, त्यांच्याशी माझं उघड वैर होतं. काका माझ्यापुढे बसला होता आणि माझ्या डोक्यात फक्त मामीचा कोठा होता, दोन वर्षांची शाळा होती आणि खर्रा खाणारा तो मुलगा होता.

"मिस्त्री हजारच बोलला होता काका," मी म्हटलं. "साठ म्या आपल्या मनानं सांगतलं. बाबानं गाडीत मले लोकाईपुढं लय बोललं होतं. त्याचा राग होता."

रागाचं खरं होतं, म्हणून आवाज हलला नाही.

काकानं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, ओळखलं त्यानं. पण हळूहळू त्याचा चेहरा सैल पडत गेला. त्यानं मांडीवर थाप मारली. "म्हंजे म्या तवा बराबरच वळखलं होतं," तो म्हणाला. "तू खोटी बोलून राह्यली थे दिसलंच होतं मले. मंग आता हा मिस्त्रीच चोर. भाव पाडून साठात घ्याचा बेत हाये त्याचा." त्याला खरोखर बरं वाटलं होतं. शेत गेलं होतं, पण तो येडा ठरला नव्हता, आणि तेवढ्यावर तो उठला. पुढे साठही आले नाहीत. त्यानं मिस्त्रीशी भांडण करून तमंचा परत आणला, तो ठाण्यातच गंजला, आणि दोन उन्हाळ्यांत बरड विकून काका-काकी बल्लारशाला लाकडाच्या डेपोत मजुरीला गेले. मी मॅट्रिक झाले.

त्या दुपारी जाता जाता काका दोरीपाशी थांबला, मागे वळला आणि किती दिवसांनी मायेनं बोलला.

"पन बापावर येवढा राग धरत नसतेत, सुमे."